मागच्या चाकाचा ब्रेक

नागपूर, १२ नोव्हेंबर २०२४

आयुष्मती कौसल्या,

जय भीम.

तुझं पत्र काल पोहोचलं. तू कुहीला गेल्यापासूनचं पहिलं. बचत गटांचं काम मिळालं, आसपासची गावं फिरायची आहेत, एसटीवर भागत नाही, तेव्हा माझी स्कूटर चालू करून धाडून द्या. शेवटी एक ओळ अशी की फोन करू नका, फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, काय ते लिहून कळवा.

ठीक आहे. लिहून कळवतो.

कामाबद्दल अभिनंदन. आता गाडीबद्दल. "चालू करून" हा शब्द बरोबर नाही. चालू होणं म्हणजे इंजिन. इंजिनाचं मला काही वाटत नाही. बॅटरी बसली आहे ती नवी घालीन, टाकीतलं जुनं पेट्रोल उपसून टाकीन, प्लग साफ करीन, एका सकाळचं काम आहे. अडचण वेगळीच निघाली. काल जिन्याखालची ताडपत्री काढली, गाडी स्टँडवरून उतरवली आणि ढकलली तर ढिम्म हलेना. पुढचं चाक फिरतं. मागचं नाही. जोर लावून ओढली तेव्हा मागचा टायर फरशीवर नुसता घासत आला. फरशीवर काळी रेघ उमटली, पण चाक तसूभर फिरलं नाही.

मागचा ब्रेक जाम आहे.

तुला माहीत असेल, तरी सांगतो. चाकाच्या मधोमध लोखंडी डबा असतो, त्याला ड्रम म्हणतात. त्याच्या आत दोन अर्धगोल पट्ट्या. मूठ दाबली की पट्ट्या फाकतात, ड्रमला आतून घट्ट धरतात आणि चाक थांबतं. मूठ सोडली की पट्ट्या मिटतात. आपल्या गाडीत मूठ सोडून तीन पावसाळे झाले आणि पट्ट्या अजून धरूनच आहेत.

समोरच्या सिंधूताई पायरीवर बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "काहून गा नागसेन, आज बरी गाडी आठवली?"

मी म्हटलं, "कौसल्याचं पत्र आलं. तिला पाहिजे."

"गाडी पायजे का?" त्या म्हणाल्या. "मले वाटलं, येते म्हनून लिवलं का काय." आणि पुन्हा शेंगा सोलायला लागल्या.

चौकातल्या मेकॅनिककडे मी गाडी देणार नाही, हे तुला सांगायला नको. मीच करीन. माझी अट एकच आहे. गाडी तयार झाली की न्यायला तू स्वतः ये. दुसऱ्या कोणाच्या हाती देणार नाही. ब्रेकचं काम आहे, चालवणाऱ्यानं समोर उभं राहून समजून घ्यावं लागतं. यात दुसरा काही अर्थ नाही.

आईंना जय भीम सांग. त्या आता हिंडत्या-फिरत्या झाल्या आहेत असं कळलं. फार बरं वाटलं.

नागसेन


नागपूर, १७ नोव्हेंबर

आयु. कौसल्या,

जय भीम.

तुझं उत्तर नाही, तरी कामाची माहिती तुला असावी म्हणून लिहितो.

मी आधी केबल पाहिली. मुठीपासून मागच्या चाकापर्यंत जी तार जाते, ती तिच्या नळीतच गंजून बसली आहे. चाकाकडचा नट पूर्ण ढिला केला, म्हणजे तारेचा ताण गेला. तरी चाक फिरेना. म्हणजे दोष फक्त तारेचा नाही, आतही आहे. लोक इथंच चुकतात. तार बदलतात, खूश होतात, आणि चाक तसंच राहतं. मग सायलेन्सर उतरवला, चाकाचा मोठा नट काढला. तो काढताना मात्र नळीचा तुकडा पान्यावर चढवून, त्यावर उभं राहावं लागलं. सिंधूताई ओरडल्या, "पडशीन ना गा! चौकात तो पोरगा हाये, त्याले दे. त्याचा धंदा हाये तो."

"ताई," मी म्हटलं, "मोटर वाइंडिंग मले कोनं शिकवलं?"

"कोनं शिकवलं?"

"कोनंच नाही. जळालेली मोटर उघडली, तारेचा एक-एक वेढा मोजला आणि तसाच परत भरला. काटोलपासून उमरेडपर्यंत माझ्या हातच्या मोटारी पाणी उपसून राहिल्या. मग हे एवढंसं चाक?"

"बरं बाप्पा," त्या म्हणाल्या. "तुझं चाक, तुझा पाय. मोड."

नट निघाला, पण चाक निघालं नाही. इथं गंमत बघ. चाक बाहेर ओढायचं तर पट्ट्यांनी ड्रम सोडला पाहिजे. आणि पट्ट्यांना हात लावायचा तर आधी चाक बाहेर पाहिजे. मी बराच वेळ पाटावर नुसता बसून राहिलो. तेव्हा डाव्या मुठीकडे लक्ष गेलं.

मुठीजवळची ती छोटी खिट्टी लावलेली होती. ती लावली की ब्रेक दाबलेलाच राहतो, उतारावर गाडी घसरत नाही. म्हणजे इतके दिवस ब्रेक दाबलेलाच होता. आणि ती खिट्टी मी लावली होती.

आठवलं ते लिहून टाकतो. तू तुझ्या आजारी आईंना पाहायला कुहीला गेलीस, तो दिवस. तुला गाडीनं जायचं होतं. डोक्याला रुमाल बांधून तू बाहेर उभी होतीस. मी म्हटलं, चाळीस किलोमीटर आहे, ट्रकांचा रस्ता, मागच्या पट्ट्या झिजल्या आहेत, दे इकडे चावी. तू चावी दिलीस. मग एसटीनं गेलीस. त्यात मी काही चुकीचं बोललो असं मला आजही वाटत नाही. पट्ट्या झिजलेल्याच होत्या.

तू गेल्यावर दुपारी हाताला काम नव्हतं, म्हणून गाडी धुतली. पाईप लावून, चाकांच्या आतपर्यंत. दोन-चार दिवसांत तू येशील तर गाडी स्वच्छ दिसावी. अंगणाला उतार आहे म्हणून खिट्टी लावली. जिन्याखाली पाणी येतं म्हणून वरून ताडपत्री घातली आणि सुतळीनं चहूबाजूंनी आवळून बांधली, वारासुद्धा जाणार नाही अशी. धुतल्यावर गाडी एक चक्कर फिरवून ब्रेक वाळवायचा असतो. हे मला माहीत होतं. पण चक्कर मारली नाही, कारण गाडी तुझी. मग ओला ड्रम, आवळलेल्या पट्ट्या आणि कोंडलेली हवा. बाहेर ठेवली असती तर इतकी गंजली नसती. कोणी काळजी घेतली नसती तर बरी राहिली असती, असं हे विचित्र आहे.

कारण सापडलं, आता उपाय सापडेल. तू तयारीत राहा.

नागसेन


नागपूर, २२ नोव्हेंबर

कौसल्या,

जय भीम.

चाक निघालं.

ड्रमला लाकडी ठोकळा लावून भोवती हलके हलके ठोकत गेलो. जोर नाही. जोर केला की ड्रम तडकतो आणि मग सगळंच गेलं. थोडं ठोकायचं, थोडं मागे-पुढे हलवायचं, मग सोडून द्यायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. परवा दुपारी आतून "टक" असा आवाज आला, आणि चाक माझ्या मांडीवर आलं. कोणाला तरी सांगावंसं वाटलं. सिंधूताई त्यांच्या लेकीकडे गेल्या होत्या. मी चहा ठेवला.

आत पाहिलं तर एका पट्टीचं अस्तर पट्टीवरून सुटून ड्रमलाच चिकटून बसलेलं. पट्टी इकडे उघडी, अस्तर तिकडे. ज्याच्यावर दाबून ठेवलं होतं, त्यालाच ते धरून राहिलं. बाकी आत विटकरी रंगाचा भुगा. भुगा फुंकायचा नाही, नाकात जातो, ओल्या फडक्यानं टिपायचा. अस्तर छिन्नीनं बेतानं सोडवलं. ड्रम आतून पॉलिश पेपरनं घासला, हाताला गुळगुळीत लागेपर्यंत. पट्ट्या फाकवणारा लोखंडी दांडा त्याच्या भोकात रुतून बसला होता, तो तेल सोडून, रात्रभर ठेवून काढला. तेल दांड्याला. पट्टीला नाही. पट्टीला तेल लागलं की ती पुन्हा धरत नाही.

नव्या पट्ट्या आणि केबल आणायला जरीपटक्यात गेलो. दुकानदारानं जुनी पट्टी उलटीपालटी करून पाहिली. म्हणाला, "भाऊ, गाडी कुठं ठेवली होती, विहिरीत?"

मी म्हटलं, "घरात."

"मग घराला ओल आहे," तो म्हणाला. आणि वर, "एवढा खर्च कशाला करता, विकून टाका ना. वहिनीला नवी घेऊन द्या. आजकाल लेडीज बिनापेट्रोलची घेतात." मी म्हटलं, तू पट्ट्या दे.

घरी आलो तर दारात तुझं दुसरं पत्र. "मी येणार नाही. नत्थूदादाचा टेम्पो धान घेऊन शनिवारी नागपूरला येतो, परत रिकामाच येतो. त्यात गाडी चढवून द्या."

कौसल्या, ती गाडी आहे, धानाचं पोतं नाही. टेम्पोत आडवी-तिडवी बांधून नेली तर ब्रेकचं सगळं जुळवलेलं बिघडतं. नत्थूजी तुझे मोठे भाऊ आहेत, मला त्यांचा आदर आहे, पण दोर बांधायची त्यांची पद्धत मी पाहिली आहे. शनिवारी गाडी तयार होणार नाही. त्यांना सांग, थांबू नका.

आणि जाता-येता एक. दसऱ्याला दीक्षाभूमीवर तू कुहीच्या मंडळींसोबत आली होतीस असं मला नंतर कळलं. मीही तिथंच होतो. दरवर्षीसारखी भोजनदानाच्या मंडपात पाण्याची मोटर बसवून दिली होती, दिवसभर तिच्यापाशीच होतो. तुला माहीत होतं मी कुठं असतो. गर्दी होती, दिसलो नसेन. असो.

नागसेन


नागपूर, २९ नोव्हेंबर

आयु. कौसल्या,

जय भीम.

नत्थूजी शनिवारी येऊन गेले. टेम्पो गल्लीत शिरत नव्हता तरी घातला. मी म्हटलं, गाडी उघडलेली आहे. चाक लावलेलं होतं, पण ते त्यांनी पाहिलं नाही. चहा घेतला. म्हणाले, "जावईबापू, पोरीले किती दिवस पायी चालवता?" ते तुला पोरगीच म्हणतात. मग टेम्पो उलटा काढताना सिंधूताईंच्या ओट्याचा कोपरा घासून गेले, आणि पुढे दहा मिनिटं त्या दोघांचं जे झालं त्यात मला विचारलेला प्रश्न मागे पडला.

पण सिंधूताई विसरल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पाना घेऊन बसलो तर समोर येऊन उभ्या राहिल्या.

"किती डाव खोलशीन गा ते चाक?"

"जुळवून राहिलो."

"काल जुळलं होतं. परवाबी जुळलं होतं. फिरते ते, मी पायलं ना माह्या डोयानं."

"फिरणं वेगळं, ताई, धरणं वेगळं. ब्रेक किती दाबला म्हणजे किती धरला पाहिजे, हे चालवणाऱ्याच्या हातावर आहे. केबलच्या टोकाला नट असतो. तो आवळला की मूठ थोडी दाबताच ब्रेक लागतो. ढिला केला की बराच दाबावा लागतो. माझ्या हाताला जे बरोबर ते तिच्या हाताला नाही."

"मंग?"

"तिचा हात लहान आहे. तुमच्याएवढाच. तुम्ही जरा दाबून पाहा."

आधी त्या हसल्या. मग पदराला हात पुसून खरंच गाडीवर बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा. एका हातानं डोक्यावरचा पदर धरलेला, दुसऱ्यानं ब्रेक. गल्लीतल्या दोघी-तिघी बघायला आल्या. त्यांतली शोभाताई म्हणाली, "सिंधूताई, कुठं निघाल्या वं?"

"काशीले," त्या म्हणाल्या. "हा नेऊन राहिला."

मी मागे बसून चाक हातानं फिरवत होतो. "दाबा. सोडा. हळू दाबा. आता कसं लागते?"

"लागते चांगलं."

"चांगलं म्हणजे काय? कडक की ढिलं?"

"अरे, मले काय समजते? मी कधी चालवली का?" त्या उतरल्या. पदर नीट केला. मग त्यांनी जे म्हटलं ते मी जसंच्या तसं लिहितो, कारण तू म्हणशील मी बोलू देत नाही. त्या म्हणाल्या, "तिचाच हात पायजे तं तिलेच बोलाव ना गा. हे माहा हात कायले धरून राहिला? आन् ती आली तं तू तिले दाबू देशीन का? 'दे इकडे' म्हनशीन अन् सोताच दाबून पायशीन. पोयी लाटत असली तरी दे इकडे, फारम भरत असली तरी दे इकडे. मी समोर राहतो बाबू, मले आयकू येते."

मी म्हटलं, "माझी पोळी गोल होते."

"हो," त्या म्हणाल्या. "खा मंग गोल गोल."

त्या जे म्हणाल्या ते मला पटलं असं नाही. जो ज्या कामात बरा, त्यानं ते काम करावं, यात काय वाईट आहे? पण ब्रेकचं मात्र त्यांचं बरोबर आहे. तुझा हात लागल्याशिवाय हा ब्रेक बसणार नाही. हे निमित्त नाही, कोणत्याही जाणत्या माणसाला विचार. एक तास पुरेल. मूठ तू दाबायची, नट मी फिरवायचा. मग गाडी तुझी, रस्ता तुझा.

रविवारी ये, सोमवारी ये, केव्हाही ये. मी घरीच असतो.

नागसेन


नागपूर, ३ डिसेंबर

कौसल्या,

पत्र मिळालं.

"येत्या रविवारी मी येते. स्वतः येते, तुमची अट पाळते. माझी पण एक अट. तुम्ही त्या दिवशी घरी राहू नका. चाव्या सिंधूताईंजवळ ठेवा. संध्याकाळी पाचपर्यंत मी निघून जाईन."

मी हे तीनदा वाचलं. घर माझं, काम माझं, महिनाभर गंज खाल्ला मी, आणि मीच घरी नसावं? मग ब्रेक समजावणार कोण, सिंधूताई? तुला इतकं टाळायचं होतं तर टेम्पोच काय वाईट होता?

वरचं पत्र सकाळी लिहिलं आणि टाकायला निघालो. पोस्टाच्या पेटीपासून परत आलो. फाडत नाही, तसंच ठेवतो, कारण ते मला वाटलं होतं. आता संध्याकाळ आहे.

टेम्पो होता आणि तू येते म्हणालीस. हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

गाडीची आणि घराची, दोन्ही चाव्या सिंधूताईंजवळ ठेवतो. मी घरी असणार नाही. चौकातही नाही, रस्त्यातही नाही. रविवारी सकाळच्या पहिल्या एसटीनं काटोलला जातो. कुहीच्या बरोबर उलट दिशेला आहे, तेव्हा चुकूनही गाठ पडणार नाही.

ब्रेक सिंधूताईंच्या हाताच्या अंदाजानं मऊ ठेवला आहे. थोडं दाबलं की पुरे असं नाही, पण हाताला जोर पडणार नाही.

नागसेन


नागपूर, ९ डिसेंबर

कौसल्या,

जय भीम.

ठरल्याप्रमाणे काल काटोलला होतो. सांगतो, म्हणजे तुला खात्री पटेल.

माझं तिथं काम नव्हतं. काम नसताना परगावी जाण्याची माझी ही पहिलीच वेळ असावी, त्यामुळे कुठं उभं राहावं हेच समजेना. संत्रामंडीत गेलो. आंबिया बहाराची शेवटची संत्री आली होती, ढिगाऱ्यांभोवती बोली चालू होत्या. एक जुनं गिऱ्हाईक भेटलं, ज्याच्या विहिरीवरची मोटर मी दोनदा भरून दिली आहे. म्हणाला, "आज इकडं कसे भाऊ? अवजारांची पिशवी नाही?" मी म्हटलं, "असाच आलो." तो माझ्याकडे असं पाहत राहिला की घरी कोणाला बरं नाही का असं विचारतो की काय. विचारलं नाही.

शेडमध्ये संत्री आकारानं निवडायचं यंत्र चालू होतं. त्याच्या मोटारीचा आवाज मला लांबूनच खटकला. बेअरिंग जात आलं होतं. जाऊन तिथल्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला, "माहीत आहे काका, नवीन आणून ठेवलं, उद्या सुट्टी आहे, उद्या टाकतो." मी म्हटलं, बरं. मग बसस्टँडवर जाऊन बाकावर बसलो.

दुपार तिथंच गेली. आता तू गल्लीत शिरली असशील, आता चावी घेतली असशील. स्टार्टर एका झटक्यात लागतो, ते मी चार-चारदा पाहून ठेवलं होतं. पण मला ब्रेकचीच चिंता. शेजारच्या बाईनं विचारलं, "कोनाची वाट पाहून राहिले का?" मी म्हटलं, "नाही, वेळ काढून राहिलो." हे खरं होतं. दोन गाड्या नागपूरच्या गेल्या, सोडल्या. पाच वाजून गेल्यावर तिसरीत बसलो.

घरी पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. जिन्याखाली जागा मोकळी. सिंधूताई दारातच होत्या. मी काही विचारायच्या आत त्यांनी घराची चावी माझ्या हातावर ठेवली.

"उघडलं नाही तिनं," म्हणाल्या. "मी म्हटलं, जाय ना वं, पाय आत जाऊन. नाही म्हने. माह्याचकडे जेवली, वांग्याची भाजी होती."

"बरी आहे का?"

"बरी हाये. वाळली थोडी. केस पांढरे होऊ देल्ले, रंग नाही लावत आता. चांगली दिसते."

"गाडी?"

त्या ओट्यावर बसल्या. त्यांना हे सांगायची घाई नव्हती. "गाडी काढली. गल्लीत एक चक्कर मारली, मंग दुसरी. परत आली अन् माह्यापुढं उभी केली. म्हने, ढिला ठेवला त्यायनं."

"ढिला?"

"हो ना. 'यायले वाटते माह्या हातात जोरच नाही' म्हने. अन् पिशवीतून पाना काढला."

"कोणाचा पाना?"

"तिचा. लहानसा. मी म्हटलं, हे कायचं वं बाई? म्हने, फिरस्तीचं काम हाये, ठेवा लागते. अन् बसली ना चाकापाशी, जमिनीवर, लुगड्याचा विचार नाही. फिरवला तो तुहा नट. मूठ दाबली, फिरवला, मूठ दाबली, फिरवला. एकटीच. मी म्हटलं, मी दाबतो ना, तू फिरव. म्हने, नको, मले दोन हात हायेत." सिंधूताई हसल्या. "मंग मस्त बसला म्हनली, अन् गेली."

"मागे काही म्हणाली?"

"कायले मागं?"

"म्हणजे माझ्यासाठी. निरोप."

त्यांनी ओट्यावरचा कचरा हातानं झाडला. खोटं बोलायचं की नाही असा विचार करत असाव्यात, आणि मग त्यांनी तो सोडला. "नाही गा," म्हणाल्या. "जेवला का तू?"

जेवलो, असं मी सांगितलं. काटोलहून आणलेली संत्री त्यांना दिली आणि घर उघडलं.

आज दिवसभर काम केलं. मोटर भरताना वेढे मोजायचे असतात, दोनदा चुकलो, उलगडून पहिल्यापासून भरले. पाना तू केव्हापासून बाळगतेस? कोणी दाखवलं, की उघडून उघडून स्वतःच शिकलीस? मऊ ब्रेक तुला कधीपासून आवडत नव्हता? मी तो वर्षानुवर्षं मऊच करून देत होतो. तू कधी बोलली नाहीस. की बोललीस?

एवढ्याची उत्तरं देऊ नको. तुला गावं फिरायची आहेत. फक्त एक कळलं असतं तर बरं झालं असतं. काल कुहीला पोहोचल्यावर मागच्या ड्रमला हात लावून पाहिला का? गरम लागला असेल तर नट जरा जास्तच आवळला गेला असं समजावं. तशा वेळी पाना उलट्या बाजूनं अर्धा फेरा

जाऊ दे. तुले समजते.

नागसेन